नितळ तितके निर्मळ नव्हे

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसले आहेत. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला; तरी लोकांच्या तोंडी वेल्हे हे नाव अजून रुळलेले आहे. तोरणा आणि राजगड हे इतिहासप्रसिद्ध किल्ले याच मुलखात आहेत. मृगाचा पाऊस सुरू झाला की येथील डोंगर हिरवेगार होतात, कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात आणि भातखाचरे तुडुंब भरतात. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेतचे आणि मोसे नदीवर वरसगावचे धरण आहे. या दोन धरणांचे पाणी पुढे खडकवासल्यास जाते आणि पुणे शहराची तहान भागवते.

पाण्याची अशी श्रीमंती असलेल्या या प्रदेशात पिण्याच्या पाण्याची चिंता कोणाला असेल, असे सहज वाटते. परंतु पाणी मुबलक असणे वेगळे आणि ते पिण्यास योग्य असणे वेगळे. हा भेद नीट कळावा म्हणून तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू.

या घरात आजी, आई, बाबा, सातवीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे राहतात. घराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर एक झरा आहे. पिण्याचे पाणी याच झऱ्यावरून येते. एके वर्षी श्रावणात धाकट्या भावास जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस शिरेवाटे सलाईन दिल्यावर त्याच्या जिवावरचे संकट टळले. डॉक्टरांनी निघताना एकच प्रश्न विचारला, “घरी पाणी कोणते पिता?”

तो प्रश्न बाबांच्या मनात घर करून राहिला. ते भोरच्या बाजारात गेले. दुकानात पाणी शुद्ध करणारी नाना तऱ्हेची यंत्रे मांडून ठेवली होती. त्यांतले सर्वांत महाग यंत्र सर्वांत चांगले, असे दुकानदाराने सांगितले. बाबा विचार करीत घरी परतले.

आजीला मात्र ही गोष्ट मुळीच पटली नाही. ती म्हणाली, “अरे, या झऱ्याच्या पाण्यावर आपल्या तीन पिढ्या वाढल्या. तळाशी पडलेला पैसादेखील दिसतो, इतके ते नितळ आहे. शिवाय मी ते चार पदरी फडक्याने गाळूनच घागरीत भरते. त्याला यंत्र कशाला?”

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्या वेळी ओसरीवर बसला होता. गावाच्या टाकीत जंतुनाशक पूड घालणे आणि पाण्यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. तो हसून म्हणाला, “मावशी, आपण वाद कशाला घालायचा? पाण्यालाच विचारून पाहू.”

त्याने पिशवीतून चार लहान बाटल्या काढल्या. प्रत्येकीच्या तळाशी परीक्षणाचे औषध होते. पहिल्या बाटलीत झऱ्याचे पाणी भरले. दुसरीत आजीने फडक्याने गाळलेले पाणी घातले. तिसरीत शेजारच्या घरातील फिल्टरचे पाणी आणून ओतले. चौथीत चांगले उकळून, त्याच भांड्यात झाकून थंड केलेले पाणी घेतले. मुलीने चारही बाटल्यांवर आकडे लिहिले आणि त्या चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारे घर त्या कोनाड्यापुढे जमले. पहिल्या बाटलीतले पाणी काळेकुट्ट झाले होते. दुसरीही काळी पडली होती. एवढेच काय, शेजाऱ्यांच्या फिल्टरच्या पाण्याची तिसरी बाटलीही काळवंडली होती! केवळ चौथ्या बाटलीचा रंग पालटला नव्हता.

आजी बराच वेळ त्या बाटल्यांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “डोळ्यांना दिसले नाही, ते या बाटलीने दाखवले.”

या बाटल्यांमागील शास्त्र समजण्यासारखे आहे. माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत असंख्य जीवाणू असतात. विष्ठेचा अंश पाण्यात मिसळला की हे जीवाणू पाण्यात येतात. त्यांतील काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार करतात. बाटलीतील औषधात लोहाचा क्षार असतो. वायू आणि लोह यांचा संयोग झाला की काळा पदार्थ बनतो. पाणी काळे पडणे म्हणजे त्यात विष्ठेचा अंश असल्याची खूण होय. अशा पाण्यातूनच पटकी, विषमज्वर, आमांश, कावीळ हे रोग पसरतात. झऱ्याच्या वरच्या उतारावर गुरे चरतात, काही माणसे उघड्यावर शौचास बसतात आणि पहिल्याच पावसात ती सारी घाण जमिनीतून झिरपत झऱ्यापर्यंत पोहोचते, ही गोष्ट त्या घरातील कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

मग आजीचे चार पदरी फडके का अपुरे पडले? याचे उत्तर आकारात आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. जुन्या सुती साडीच्या फडक्याची चार पदरी घडी केली तर तिची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात. जीवाणू साधारणतः एक-दोन मायक्रॉन लांबीचा असतो. दिंडी दरवाजातून मुंगी जावी, तसा तो फडक्यातून आरपार जातो. कावीळ पसरविणारे विषाणू तर जीवाणूंहूनही कित्येक पटींनी लहान असतात. तथापि फडके अगदीच निरुपयोगी आहे असे मात्र नाही. पटकीचे जंतू पुष्कळदा पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात आणि हे जलचर फडक्यात अडकतात. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या घडीने पाणी गाळण्याचा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलेले आढळले. म्हणजे आजीची सवय चांगलीच होती. ती पुरेशी मात्र नव्हती.

गाळण्याच्या विद्येचे महत्त्व जगाला १८९२ साली फार मोठी किंमत देऊन कळले. जर्मनीत एल्बे नदीच्या काठी हँबुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना लागून होती. दोन्ही शहरे त्याच नदीचे पाणी पीत. हँबुर्गचे लोक नदीचे पाणी न गाळता वापरीत. आल्टोना नदीच्या खालच्या अंगास असल्याने तिच्या वाट्याला हँबुर्गच्या गटारांनी मलिन झालेले पाणी येई. परंतु ते पाणी वाळूच्या मोठमोठ्या थरांतून संथपणे गाळून मगच लोकांना दिले जात असे. त्या वर्षी पटकीची साथ आली. हँबुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. आल्टोना मात्र त्या मानाने फारच थोडक्यात बचावली. दोन शहरांच्या सीमेवर एक रस्ता होता. त्याच्या एका बाजूस मृत्यूचे थैमान आणि दुसऱ्या बाजूस निर्धास्त जीवन, असे विलक्षण दृश्य लोकांनी पाहिले. पटकीचा जंतू ओळखणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी या घटनेचा अभ्यास केला. त्यानंतर गाळलेल्या पाण्याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नाही.

आज घराघरांसाठी गाळण्याची अनेक साधने मिळतात. ती एकसारखी नाहीत. प्रत्येकाचा गुण वेगळा आणि उणीवही वेगळी.

पहिले साधन म्हणजे कँडलचा फिल्टर. यात भाजलेल्या सच्छिद्र मातीची पोकळ नळी असते. पाणी तिच्या सूक्ष्म छिद्रांतून थेंबथेंब पाझरते. यास वीज लागत नाही. चांगल्या प्रतीची कँडल बहुतेक जीवाणूंना अडविते, परंतु विषाणूंना ती पुरी पडत नाही.

दुसरे साधन अतिसूक्ष्म गाळणीचे. यालाच यूएफ असे म्हणतात. केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या भिंतींना ०.१ ते ०.०१ मायक्रॉन इतकी लहान छिद्रे असतात. त्यांतून जीवाणू जाऊ शकत नाहीत. अगदी बारीक छिद्रांचे पटल असेल तर विषाणूही अडतात. यांतील काही फिल्टर केवळ पाण्याच्या वजनावर, विजेवाचून चालतात. अशी पटले बनविण्याचे तंत्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही विकसित झाले आहे.

तिसरे साधन अतिनील किरणांचे. या किरणांमुळे जीवाणू आणि विषाणू यांची वाढण्याची शक्ती नष्ट होते. मात्र त्यासाठी पाणी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या सावलीत जंतू लपून राहतात. शिवाय वीज गेली की हे साधन थांबते.

चौथे साधन म्हणजे आरओ. यात मोठ्या दाबाने पाणी अशा पटलातून ढकलतात, की जंतूंबरोबर पाण्यात विरघळलेले क्षारही मागे राहतात. ज्या गावी कूपनलिकेचे पाणी खारट वा फ्लोराइडयुक्त असते, तेथे हे यंत्र उपकारक ठरते. परंतु एक लिटर पाणी मिळविताना ते पुष्कळदा दोन-तीन लिटर पाणी वाया घालविते. एक लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असले तरी भारतीय मानकानुसार ते पाणी पिण्यास चालते. पावसाच्या, झऱ्याच्या आणि धरणाच्या पाण्यात क्षार सहसा याहून पुष्कळ कमी असतात. म्हणूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली, जेथे क्षारांचे प्रमाण ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे आरओच्या वापरास बंदी घालावी, असा आदेश दिला होता. जेथे शत्रू जंतू आहे तेथे क्षारांशी लढणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी तोफ डागण्यासारखे होय.

या सर्व साधनांहून जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उकळणे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते एक मिनिट तसेच उकळू दिले की रोगकारक जीवाणू आणि विषाणू दोन्ही मरतात. उंचावर पाणी कमी तापमानास उकळते. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरण्याच्या माथ्यावर ते १०० ऐवजी साधारण ९५ अंशांनाच उकळते. तरीही तेथे एक मिनिट पुरेसे आहे. दोन हजार मीटरहून उंच प्रदेशात मात्र तीन मिनिटे उकळावे लागते. उकळण्यास सरपण वा गॅस लागतो, एवढीच त्याची अडचण.

तुरटीविषयीही एक गैरसमज आढळतो. तुरटी फिरविल्याने गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ होते. पण सारे जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळावे, मग गाळावे किंवा उकळावे, हा योग्य क्रम होय.

आता राहिला तिसऱ्या बाटलीचा प्रश्न. शेजाऱ्यांकडे फिल्टर असूनही त्यांचे पाणी काळे का पडले? जलसुरक्षकाने तो फिल्टर उघडला. कँडलवर तपकिरी, बुळबुळीत थर साचला होता. दोन वर्षांत ती कोणी धुतली नव्हती. थर पुसल्यावर केसाएवढी बारीक चीर दिसली. त्या चिरेतून जंतूंना राजमार्ग मिळाला होता. अडकलेल्या घाणीवर जंतू वाढतात आणि निष्काळजीपणाने वापरलेला फिल्टर स्वतःच रोगाचे घर बनतो.

याची प्रचीती पुण्याजवळच आली. २०२५ सालच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गिलेन-बारे नावाचा आजार पसरला. या आजारात हातापायांतील बळ नाहीसे होते. कित्येकांना श्वास घेण्यासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि काहींना प्राणांस मुकावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा अनेकांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून वा अन्नातून तो पोटात जातो. त्या वेळी परिसरातील पाण्याची तपासणी झाली. त्यात पाणी शुद्ध करून विकणाऱ्या काही खाजगी केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य ठरले! पानशेत-वरसगावच्या डोंगरांतून निघालेले पाणी ज्या वाटेने शहरात जाते, त्याच वाटेवर हे घडले. नुसते यंत्र बसविले म्हणजे पाणी शुद्ध झाले, ही समजूत त्या घटनेने खोटी पाडली.

ही सारी माहिती मिळाल्यावर त्या घरातील मंडळी निर्णयास बसली. मुलीने वहीत तीन प्रश्न लिहिले. पाणी कोठून येते आणि त्यात दोष कोणता? घरात वीज किती वेळ असते? आणि जे साधन आणू, ते वेळच्या वेळी धुणार कोण व त्याचे सुटे भाग मिळणार कोठे? पाणी झऱ्याचे होते. जलसुरक्षकाच्या मापकाने क्षार अगदी थोडे दाखविले. दोष जंतूंचा होता. म्हणून आरओची गरज नव्हती. पावसाळ्यात वादळ-वाऱ्याने वीज वारंवार जाई. म्हणून अतिनील किरणांवर भिस्त ठेवता येत नव्हती. बाबांनी विजेवाचून चालणारा, जीवाणू आणि विषाणू दोन्ही अडविणारा यूएफ फिल्टर निवडला. त्याचे सुटे भाग भोरमध्ये मिळतात याची त्यांनी आधी खात्री केली. महागड्या यंत्राच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले.

फिल्टर धुण्याचे काम मुलीने आपल्याकडे घेतले. दर रविवारी ती साबणाने हात धुऊन, सांगितलेल्या रीतीने तो स्वच्छ करते आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करते. पावसाळ्याचे चार महिने आई गाळलेले पाणी उकळूनही घेते. पाण्याच्या पिंपावर झाकण असते आणि लांब दांड्याचे ओगराळे भिंतीवरील खुंटीला टांगलेले असते. कारण गाळलेल्या पाण्यात मळका हात बुडाला, तर सारी मेहनत पाण्यात जाते. आजीने चार पदरी फडके टाकून दिले नाही. फिल्टरमध्ये पाणी ओतताना ती ते तोंडाशी धरते. त्यामुळे पालापाचोळा व गाळ वरच्या वर अडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही.

पण एका घराचे पाणी शुद्ध झाल्याने गावाचे पाणी शुद्ध होत नाही. ग्रामसभेत बाबांनी झऱ्याचा विषय मांडला. झऱ्याभोवती कुंपण घालावे, वरच्या उतारावर गुरे सोडू नयेत, प्रत्येकाने शौचालय वापरावे आणि टाकीत नियमाने जंतुनाशक पूड पडावी, असे ठरले. पूड घातल्यावर अर्धा तास थांबून, शेवटच्या नळाच्या पाण्यात तिचा अंश उरला आहे की नाही हेही तपासावयाचे असते. एका लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले तर पाणी सुरक्षित समजतात. काही लोक म्हणाले, “त्या पाण्याला वास येतो.” तेव्हा आजी सर्वांपुढे उठून उभी राहिली. “वास चार दिवसांनी सवयीचा होईल,” ती म्हणाली. “माझ्या नातवाचे खोल गेलेले डोळे मी अजून विसरले नाही.”

सभेत कोणी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्याकडे कुंपणाचे खांब घेऊन निघालेल्यांत सर्वांत पुढे तो धाकटा भाऊ होता.

शब्दार्थ
नितळ – आरपार दिसेल असे. निर्मळ – दोषरहित, शुद्ध. पटकी – कॉलरा. विषमज्वर – टायफॉइड. ओगराळे – पाणी काढण्याचे लांब दांड्याचे भांडे. दिंडी दरवाजा – मोठ्या दरवाजातील लहान दार. भिस्त – भरवसा.

स्वाध्याय
१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा : (अ) पानशेतचे धरण कोणत्या नदीवर आहे? (आ) चौथ्या बाटलीत कोणते पाणी होते? (इ) मायक्रॉन म्हणजे किती?
२. कारणे लिहा : (अ) फडक्याने गाळलेल्या पाण्याची बाटली काळी पडली. (आ) बाबांनी आरओ घेतला नाही. (इ) आल्टोना शहर साथीतून बचावले.
३. ‘नितळ’ आणि ‘निर्मळ’ या शब्दांतील अर्थभेद पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : मनात घर करणे, प्राणांस मुकणे, भिस्त ठेवणे, मेहनत पाण्यात जाणे.
५. आपल्या घरचे पिण्याचे पाणी कोठून येते, ते कसे साठवितात व शुद्ध करतात, याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. त्यात कोणती सुधारणा करता येईल, तेही लिहा.